गाठीत राहणारा आणि गाठ आणणारा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पोपटीवर लिहिताना कडव्या वालाबद्दल मी एक वाक्य लिहून गेले होते, की वालाच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यात जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून कुठून लिहिलंय तेवढंच देते.

मुलुंडहून: गच्चीवर ड्रममध्ये चवळी आणि टोमॅटो दोन्ही लावलेत. दोन्हींच्या मुळांना गाठी दिसल्या. तुमचा लेख वाचून मी खूश झाले, पण शेजारचे काका म्हणतात टोमॅटोला गाठी म्हणजे रोग. एकाची गाठ चांगली आणि दुसऱ्याची वाईट, असं कसं?

काकांचं बरोबर आहे हो. टोमॅटोच्या मुळांत बहुतेक सूत्रकृमी शिरलेत, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, ते आत घुसले की मूळच तिथे फुगतं. ओळखायचं कसं तर नखाने गाठ बाजूला ढकलून बघा. चवळीची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, टपकन सुटून हातात येते. टोमॅटोची सुटत नाही, ओढलीत तर मूळच तुटेल. मग चवळीची गाठ ब्लेडने मधोमध कापा, आत गुलाबी-लाल दिसली तर तिचं काम चालू आहे. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातेवाईक. नत्र धरणारं एन्झाइम ऑक्सिजन लागला की खराब होतं, पण जिवाणूला श्वासासाठी ऑक्सिजन तर हवाच, मग हे लाल प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि अगदी मोजून मापून आत सोडतं. कापल्यावर हिरवट दिसली तर गाठ म्हातारी झाली, पांढरी असेल तर काम अजून सुरूच झालेलं नाही किंवा आतला जिवाणू कामाचा नाही.

चवळी संपली की झाड उपटू नका, बुंध्याशी कापा आणि मुळं मातीत राहू द्या. टोमॅटोच्या ड्रममध्ये मात्र पुढच्या खेपेला टोमॅटो, वांगी, भेंडी काहीच नको, झेंडू लावा.

विलेपार्ल्याहून: ताई, मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अलिबागजवळ मामाच्या शेतातून कडव्या वालाच्या गाठी आणल्या आणि त्यातून एक जिवाणू वेगळा काढला, छान वाढतो, दुसऱ्याच दिवशी प्लेट भरून कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके. १६ एस, म्हणजे जिवाणू ओळखायला वापरतात त्या जीनचा, सिक्वेन्स करून आणला तर सगळ्यात जवळचं मॅच ९८.४ टक्के आलं. सीनियर म्हणतात ९८.७ च्या खाली आहे म्हणजे नवीन प्रजाती, लगेच पेपर लिही. खरंच नवीन असेल का?

असू शकेल, आणि तुझं पत्र वाचून मला खरंच आनंद झाला, कारण गाठी धुऊन, कापून, प्लेटवर पसरून बघणारी मुलं आता कमी होत चाललीत, सगळ्यांना थेट डीएनए काढायचा असतो. पण एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस आणि एक गोष्ट लिहून गेलीस ती मला खटकली. लिहिली नाहीस ती म्हणजे ते ९८.४ टक्के नक्की कुणाशी? आणि खटकली ती म्हणजे दुसऱ्या दिवशी प्लेट भरली हे.

वालावर गाठी आणणारे जिवाणू मुख्यतः ब्रॅडीरायझोबियम कुळातले असतात. ब्रॅडी म्हणजे ग्रीकमध्ये सावकाश. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर, २८ ते ३० डिग्रीला, त्यांची कॉलनी धड दिसायला सात-आठ दिवस लागतात, कधी दहा, आणि तेव्हाही ती टाचणीच्या डोक्याहून लहानच असते. मेथी, वाटाणा यांचे जिवाणू भरभर वाढतात, दोन ते पाच दिवसांत दिसतात. म्हणून वालाच्या गाठीतून एका रात्रीत वर आलेली गुबगुबीत कॉलनी बघितली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो नवीन की जुनी हा नाही, ही आतून आली की बाहेरून, हा.

गाठ मातीत वाढलेली असते, तिच्या अंगावर हजार गोष्टी चिकटलेल्या असतात. आधी अल्कोहोलमध्ये अर्धा-एक मिनिट बुडवायची, मग हायपोक्लोराइटमध्ये तीन-चार मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा धुवायची हे तू केलंच असशील, पण शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरलंस का? ती प्लेट कोरी राहिली तरच गाठीच्या आतलं म्हणता येतं. त्यावरही तीच कॉलनी उगवली तर तुझा जिवाणू गाठीच्या सालीवर बसलेला होता आणि तुझं सगळं पुढचं काम त्याच्यावर गेलं. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, माझ्या पहिल्या वर्षाच्या कामातले चार महिने असे गेलेत, ज्या लॅबमध्ये मी होते तिथे ही प्लेट ठेवायची पद्धतच नव्हती आणि मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

समज ती प्लेट कोरी आहे. तरीही गाठीच्या आत राहणारा प्रत्येक जण गाठ आणणारा नसतो. गाठीत बॅसिलस सापडतात, स्यूडोमोनास, एंटरोबॅक्टर, मायक्रोमोनोस्पोरा, ॲग्रोबॅक्टेरियम तर वारंवार सापडतो, आणि हे सगळे तिथे पाहुण्यासारखे राहतात, काही झाडाला मदतही करत असतील, पण गाठ त्यांनी बांधलेली नसते. यात कमीपणा काही नाही, असा पाहुणाही नवीन प्रजातीचा असू शकतो आणि त्याचा पेपर होऊ शकतो. फक्त तू लिहिताना 'वालाच्या गाठीत राहणारा' लिहायचं का 'वालावर गाठ आणणारा' लिहायचं हे झाडाला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.

झाडाला विचारायचं म्हणजे वालाचं बी निर्जंतुक करून, ऑटोक्लेव्ह केलेल्या वाळूत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये लावायचं, नत्र सोडून बाकी सगळी खतं असलेलं पाणी द्यायचं आणि रोपाला तुझा जिवाणू द्यायचा. लॅबमध्ये याला लेनर्ड जार म्हणतात, आम्ही दोन बाटल्या कापून एकमेकींवर उलट्या बसवायचो आणि मधून दिव्याची वात घालायचो म्हणजे खालचं पाणी वर चढतं. सोबत काही कुंड्या जिवाणू न दिलेल्या आणि काही नायट्रेट दिलेल्या ठेवायच्याच. तीन-चार आठवड्यांनी तुझ्या कुंड्यांत गाठी आल्या, आत लाल निघाल्या, पानं हिरवीगार राहिली, जिवाणू न दिलेल्या कुंड्या पिवळ्या पडल्या आणि त्यांत एकही गाठ नाही, तर मग त्या नव्या गाठीतून जिवाणू परत काढायचा आणि तोच आहे का ते बघायचं. एवढं झालं की म्हण, गाठ याने आणली. कोऱ्या कुंडीत गाठ दिसली तर मात्र सगळी बॅच टाकून दे, मन घट्ट करून टाक, मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या खिडकीजवळ ठेवलेल्या कुंड्यांचं असं होतं, शिंतोड्यातूनसुद्धा जातं.

आता तुझ्या ९८.४ कडे येते. १६ एस हा जीन डीएनएच्या साधारण १,५०० अक्षरांचा असतो. तुझ्याकडे पूर्ण लांबीचा सिक्वेन्स आहे का एकाच बाजूने वाचलेली ७००-८०० अक्षरं? कारण अशा वाचनाच्या दोन्ही टोकांना चुका भरपूर असतात, आणि १,४०० अक्षरांत १.६ टक्के म्हणजे फरक असतो जेमतेम बावीस अक्षरांचा, त्यातली दहा अक्षरं मशीनने चुकीची वाचली असतील तर तुझा जिवाणू एका क्षणात ९९ च्या वर जातो आणि सीनियरचं सगळं गणित मोडतं. क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनने काढलेला आलेख, उघड, शिखरं एकेक करून बघ, एकावर एक चढलेली दिसली तर कल्चर, म्हणजे तू वाढवलेला जिवाणू, शुद्धच नाही. रायझोबियमच्या, म्हणजे गाठ आणणाऱ्या जिवाणूच्या, चिकट कॉलनीत दुसरा जिवाणू लपून बसतो, डिंकात अडकल्यासारखा, म्हणून एकेका कॉलनीवरून तीन-चार वेळा तरी परत स्ट्रीक करायचं, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरायचं. ग्लुकोज-पेप्टोन अगारवरही टाकून बघ, खरा रायझोबियम तिथे कसाबसा वाढतो, तुझा जोमात वाढला तर शंका घ्यायला जागा आहे.

आणि तुलना कुणाशी केलीस? ब्लास्ट या नेहमीच्या ऑनलाइन शोधात वरती जे पहिलं नाव येतं ते कुणीतरी टाकलेल्या कुठल्याही सिक्वेन्सचं असतं, नाव चुकीचं दिलेलंही असतं. तुला तुलना करायचीय ती टाइप स्ट्रेनशी, म्हणजे ज्या एका कल्चरवरून त्या प्रजातीचं नाव ठेवलं गेलं त्याच्याशी. ईझीबायोक्लाउड या वेबसाइटवर फक्त तेवढेच बघता येतात, जर्मनीच्या डीएसएमझेड या जिवाणू संग्रहाचं टीवायजीएस हे ऑनलाइन साधन जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, दिला की टाइप स्ट्रेनशी ताडून देतं, दोन्ही फुकट वापरता येतात.

बरं, समज सगळं नीट निघालं आणि तो ब्रॅडीरायझोबियमच आहे. मग गंमत अशी की या कुळात १६ एस जवळजवळ मुका होतो. वेगवेगळ्या प्रजातींमध्येही तो ९९ टक्क्यांच्या वर सारखा असतो, काहींचा तर तंतोतंत. म्हणजे ९८.७ च्या खाली गेलं तर नवीन असण्याची आशा धरायला हरकत नाही, पण वर गेलं म्हणून जुनाच असंही नाही. म्हणून रेक-ए, ग्लन-टू, एटीपी-डी, जायर-बी असे रोजच्या कामाचे पाच-सहा जीन एकत्र घेऊन वंशवृक्ष काढतात, आणि शेवटी पूर्ण जीनोम वाचून जवळच्या प्रत्येक टाइप स्ट्रेनशी सरासरी साम्य काढतात. ते ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीएनए हायब्रिडायझेशन, म्हणजे दोघांचा डीएनए किती जुळतो याचा संगणकावरचा अंदाज, ७० टक्क्यांच्या खाली आलं की वेगळी प्रजाती म्हणायला आधार मिळतो. रायझोबियम आणि ॲग्रोबॅक्टेरियमच्या नव्या प्रजातींसाठी २०१९ साली किमान निकष प्रसिद्ध झालेत, त्यात जीनोम लागतोच आणि शक्यतो एकाहून जास्त स्ट्रेन, म्हणजे एकाच प्रजातीचे वेगवेगळे वाण, घ्या असंही म्हटलंय. माझाही आग्रह तोच आहे, मामाच्या शेजारच्या दोन शेतांतून आणि पेणच्या बाजूच्या एखाद्या शेतातून गाठी आण, एकाच पोराला बघून सगळ्या घराण्याचं वर्णन लिहिता येत नाही.

शेवटचं काम कुणालाच आवडत नाही पण त्याच्याशिवाय नाव अधिकृत होत नाही. टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक कल्चर संग्रहांत जमा करायला लागतो, म्हणजे उद्या कुणालाही तो मागवून तुझं काम तपासता आलं पाहिजे. आपल्याकडे पुण्याचं एनसीएमआर आहे, चंडीगडचं एमटीसीसी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात नवीन प्रजाती सापडली की ठरवून दिलेल्या संग्रहात कळवायचं आणि नमुना द्यायचा असं आहे, आणि परदेशी संग्रहात पाठवण्याआधी त्याच कायद्याची कागदपत्रं बघायला लागतात, ते गाइडना आत्ताच विचारून ठेव, पेपर लिहून झाल्यावर नको. मग जिवाणूंच्या नव्या नावांची नोंद ठेवणाऱ्या आयजेएसईएम या जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध व्हावं लागतं किंवा दुसरीकडे छापलं असेल तर त्यांच्या यादीत यावं लागतं.

आता लगेच एकच कर. उरलेल्या गाठी सिलिका जेलच्या बाटलीत सुकवून ठेवल्यास का? असतील तर पाण्यात तासभर भिजव, परत धू, शेवटच्या पाण्याची प्लेट ठेव, काँगो रेड हा रंग घातलेल्या अगारवर पसर आणि दोन दिवसांत जे वर येईल त्याच्याकडे न बघता प्लेट दहा दिवस राहू दे. मला मेल कर.

गिरगावहून: आम्ही वर्षानुवर्षं समुद्रमेथी खातो, वाळूसकट मुळं धुऊन. तिच्या मुळांवर एकही गाठ कधी दिसली नाही. मेथी तर कडधान्याच्याच कुळातली ना? आणि असली तर पोटात गेलेले जिवाणू बाधतात का?

कुळ बरोबर आहे आजी. पण समुद्रमेथी रुजून आली की लगेच काढतात, दोन पानं जेमतेम फुटलेली असतात, आणि गाठ बांधायला झाडाला त्याहून जास्त दिवस लागतात. बाजारातली मोठ्या पानांची जुडी मुळासकट मिळाली तर बघा, त्यावर कधीकधी लांबट गाठी सापडतात. त्यात सायनोरायझोबियम मेलिलोटी असतो. पोटात गेला तरी बाधत नाही, वाळू मात्र नीट धुवा.

बोरिवलीहून: मी शाळेत विज्ञान शिकवतो. ९५ टक्क्यांच्या वर साम्य असेल तर जिवाणूंची एकच प्रजाती, असं वाचलं. माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएत सुमारे ९८.८ टक्के साम्य असतं, तरी आपण त्यांना वेगळं म्हणतो. मग हा ९५ चा आकडा कुणी ठरवला, आणि तो खरा मानायचा का?

सर, तुमचा प्रश्न मुलांना जरूर विचारा, याच्याइतका चांगला प्रश्न या विषयात क्वचितच येतो. प्राण्यांत आपण विचारतो की त्यांना एकमेकांपासून पिल्लं होतात का आणि त्या पिल्लांना पुढे पिल्लं होतात का. जिवाणू दोन तुकडे होऊन वाढतो, त्याला हा प्रश्न विचारताच येत नाही. मग १९८७ साली एका समितीने सुचवलं की दोन जिवाणूंचा डीएनए एकत्र गरम करून थंड केला आणि तो ७० टक्के किंवा जास्त एकमेकांना चिकटला तर एक प्रजाती धरा. तेव्हा दिसण्यावरून, वागण्यावरून ज्या प्रजाती मानल्या जात होत्या त्यांच्याशी तो आकडा जुळत होता म्हणून तो निवडला. पुढे जीनोम वाचता यायला लागले तेव्हा त्या ७० च्या जागी सरासरी साम्य ९५-९६ बसतं असं दिसलं. म्हणजे आकडा माणसांनीच ठरवला, हे खरंच आहे.

पण तो हवेतला नाहीये. २०१८ साली सुमारे ९०,००० जीनोम एकमेकांशी ताडून बघितले गेले, त्यात ८३ ते ९५ टक्क्यांच्या मधे बसणाऱ्या जोड्या फारच थोड्या निघाल्या. एकतर बरेच जवळचे, नाहीतर बरेच लांबचे, मधली जागा जवळपास रिकामी. माझं मत विचाराल तर ही रिकामी जागा खरी आहे आणि ९५ हा तिच्या काठावर रोवलेला खांब आहे, काही कुळांत तो थोडा इकडेतिकडे सरकतो. म्हणून ९४.९ आला म्हणून नाचायचं नाही आणि ९५.२ आला म्हणून रडायचं नाही, अशा वेळी जीन्सचा वंशवृक्ष, झाडांवरचं वागणं, मीठ किती सोसतो, किती तापमानाला वाढतो हे सगळं एकत्र ठेवून बघायचं.

मुलांना सांगायला एक उदाहरण देते. सोयाबीनवर काम करणाऱ्या जगभरच्या लॅबमध्ये यूएसडीए ११० नावाचा एक स्ट्रेन वापरला जातो. २००२ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला, सुमारे ९१ लाख अक्षरं, आणि तेव्हा त्याचं नाव होतं ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. २०१३ मध्ये नीट तुलना केल्यावर लक्षात आलं की हा जॅपोनिकम नाहीच, मग त्याला आणि त्याच्यासारख्यांना ब्रॅडीरायझोबियम डायझोएफिशियन्स हे नवीन नाव दिलं. म्हणजे हजारो लोकांनी हाताळलेला, कित्येक वर्षं फ्रीजमध्ये ठेवलेला जिवाणू एक दिवस 'नवीन प्रजाती' झाला. जंगलात जाऊनच नवीन काही सापडतं असा मुलांचा समज असतो, तो यावरून मोडता येईल.

घाटकोपरहून: मी रिसर्च करते. नॉड जीन्स हे गाठ आणणारे जीन आहेत, मग प्रजाती त्यांच्यावरूनच का ठरवत नाहीत? सरळ नाही का?

सरळ वाटतं खरं, पण नॉड आणि निफ (नत्र धरण्याचे) जीन्स बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, किंवा जीनोममधल्या एका सुट्या तुकड्यावर असतात आणि तो तुकडा एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतो. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकाला मेझोरायझोबियम या गाठ आणणाऱ्या जिवाणूचा एकच स्ट्रेन दिलेला होता, काही वर्षांनी त्याच शेतातल्या गाठी तपासल्या तर आत भलतेच, तिथल्या मातीतले मेझोरायझोबियम निघाले, आणि त्यांच्यात गाठ आणायचे जीन मात्र बाहेरून दिलेल्या स्ट्रेनचेच. हे १९९५ साली प्रसिद्ध झालं, पुढे कळलं की तो तुकडा सुमारे ५ लाख अक्षरांचा आहे. म्हणून नॉड जीन बघायचे ते कुठल्या झाडाशी जमतं हे कळायला, घराणं कुठलं ते बाकीच्या जीनोमवरून. आणि उलटंही आहे, एस्किनोमेनी या शेंगवर्गीय झाडाच्या काही जातींवर गाठी आणणाऱ्या काही ब्रॅडीरायझोबियममध्ये नेहमीचे नॉड जीनच नाहीत, हे २००७ मध्ये दिसलं. तेव्हा नॉड जीन शोधायचा पीसीआर कोरा आला म्हणून कल्चर फेकू नकोस, कुंडीत लावून बघ.

दादरहून: आमची रोह्याला शेती आहे, भात काढल्यावर वाल टाकतो. दरवर्षी रायझोबियमचं पाकीट आणतो. असे नवीन नवीन जिवाणू सापडले, नावं बदलली, तर आमचं पाकीट जुनं झालं असं समजायचं का?

नाही हो, नाव बदलल्याने आतला जिवाणू बदलत नाही. पाकिटात बघायचं ते पीक कुठलं लिहिलंय आणि मुदत कधी संपते. हरभऱ्याचं पाकीट वालाला चालत नाही, कारण त्यांचे जिवाणू वेगळे. साधारण २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला पुरतं, गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. आणि पाकीट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून रोह्याला नेऊ नका, दादरहून निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. तुमच्या वालाची चार रोपं फुलं यायच्या सुमारास फावड्याने मातीसकट काढून गाठी कापून बघा, लाल निघाल्या तर मातीतले तुमचे जिवाणू चांगले आहेत.

चेंबूरहून: मी आठवीत आहे. आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला लाजाळू आहे. तिच्या मुळांना पण गाठी असतात का? आणि मला नवीन जिवाणू सापडला तर त्याला माझं नाव देता येईल का?

असतात! आणि तू निवडलेलं झाड फार भारी आहे. १८८८ साली हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला, १८८९ मध्ये फ्रँक यांनी रायझोबियम हे नाव दिलं, म्हणजे मुळांमध्ये जगणारा. त्यानंतर शंभरएक वर्षं सगळ्यांना वाटायचं की गाठी आणणारे सगळे जिवाणू एकाच मोठ्या गटातले. मग २००१ साली तैवानमध्ये लाजाळूच्याच गाठींतून एक जिवाणू निघाला जो त्या गटातला नव्हताच, लांबच्या दुसऱ्याच गटातला होता. त्याचं नाव आता क्युप्रियाव्हिडस तैवानेन्सिस आहे, लाजाळूवर तो आपल्या देशातही सापडलाय. आणि भारतातल्या नेपच्युनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या, लाजाळूसारखीच पानं मिटणाऱ्या झाडाच्या गाठीतून डेव्होसिया नेपच्युनी नावाचा नवीन जिवाणू २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तैवानेन्सिस म्हणजे तैवानचा, नाव असंच गावावरून, झाडावरून किंवा ज्याने त्या विषयात मोठं काम केलंय त्याच्यावरून देतात. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही, पण तुझ्या गावावरून दिलेलं नाव तू सुचवू शकतेस की.

आत्ता काय करायचं ते सांगते. पाऊस थोडा थांबला की बाईंना विचारून एक रोप मातीसकट काढ, ओढू नकोस, काटे असतात. बादलीत पाणी घेऊन माती हळू हळू विरघळू दे, नळाखाली धरलंस तर गाठी निघून जातील. गाठी मोज, आकार काढून ठेव, बाईंकडून एक-दोन कापून घे आणि आतला रंग लिही. कल्चर काढायचं काम घरी करायचं नाही, ते लॅबमध्येच.

पुन्हा विलेपार्ल्याहून, अंक छापायला जायच्या आधी: ताई, शेवटच्या पाण्याची प्लेट ठेवली. दोन दिवसांत तीच जुनी कॉलनी आली, धुण्याच्या पाण्याच्या प्लेटवरही आली. जवळचं मॅच बॅसिलसचं होतं, मी ते लिहायला घाबरले होते. पण गाठीच्या प्लेटवर आठव्या दिवशी कडेला अगदी बारीक पांढऱ्या, ओलसर ठिपक्यांसारख्या सात-आठ कॉलन्या दिसतायत, काँगो रेड न घेतलेल्या. यांचं काय करू?

घाबरायचं काहीच नव्हतं गं, तू खरं ते लिहिलंस हे बरं झालं. तो बॅसिलस टाकू नकोस, ग्लिसरॉलमध्ये करून डीप फ्रीजरला ठेव, लेबलवर 'गाठीच्या सालीवरून' असं लिही. आणि त्या सात-आठही कॉलन्या वेगवेगळ्या नंबरने उचल, सगळ्या एकच आहेत असं धरू नकोस. प्रत्येक नवीन प्लेटवर स्ट्रीक कर, दहा दिवस थांब, परत स्ट्रीक कर. ब्रोमोथायमॉल ब्लू हा आम्ल-अल्कली दाखवणारा रंग घातलेल्या अगारवरही एकेक ओढ, सावकाश वाढणारे असतील तर माध्यम निळं होईल, पिवळं नाही. तोवर मामांना सांगून पुढच्या हंगामाचं वालाचं बी किलोभर बाजूला काढून ठेव, कुंड्यांना तेच लागेल.